बोर्डावरची ओवाळणी

गंगाधरराव कॅरमच्या विरोधात होते असं म्हटलं, तर तो त्यांच्यावर अन्याय होईल. ते कशाच्याच विरोधात नव्हते. तेवढी धमक त्यांच्यात नव्हती. रायपूरच्या मराठी वाचनालयाचे चिटणीस असताना फक्त एकदा कमिटीपुढं, अगदी खालच्या आवाजात, ते एवढंच म्हणाले होते, की वाचनाच्या खोलीला लागून ठेवलेल्या कॅरमचा जरा आवाज होतो. कमिटीनं बोर्ड उचलून मागच्या व्हरांड्यात नेऊन ठेवला. तेव्हापासून व्हरांड्यातली मंडळी त्यांना 'शांतता राखा' या नावानं ओळखायची. पुढं ते सिंचन खात्यातून निवृत्त झाले, चिटणीसपदही सुटलं, पण नाव सुटलं नाही. गंगाधररावांना ते ठाऊक होतं. त्यांना वाटायचं, बरोबरच आहे त्यांचं.

खरं तर त्या आवाजाशी त्यांची ओळख फार जुनी होती. तात्यापाऱ्यातल्या घरी त्यांची पाठची बहीण मंदाकिनी दिवसभर कॅरम खेळायची. पाऱ्यातले, म्हणजे मोहल्ल्यातले, पोट्टे तिच्याशी खेळायला यायचे आणि हरून, आपल्या बोटाला दोष देत जायचे. कोणी आलं नाही, की ती त्यांच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहायची.

"दादा, बसतोस का?"

"तू खेळ, मी वाचतो."

एवढंच संभाषण. पण ते दोघांमध्ये जन्मभर चाललं. मंदा नागपूरला रेल्वेच्या ऑफिसात लागली, ऑफिसच्या संघातून खेळली, तिच्या घरच्या कपाटात कप आले. गंगाधररावांनी ते कप पाहिले होते, हातात घेऊन त्यांच्यावरची अक्षरं वाचलीही होती. सामना मात्र त्यांनी एकही पाहिला नाही. नागपूर काही लांब नव्हतं. सकाळची गाडी दुपारी पोचवायची. पण सामन्याच्या ठिकाणी गर्दी असणार, कोणीतरी ओळख करून देणार, आपण काय बोलायचं, या विचारानंच ते घरी राहायचे. मंदानंही कधी आग्रह केला नाही.

मग ती दिवाळी आली, ज्या दिवाळीत रायपूरला राजधानी होण्याची घाई झाली होती. नवं राज्य आठवड्यावर आलं होतं. रस्त्यांच्या कडा रंगवून झाल्या होत्या, भोपाळहून येणाऱ्या साहेबांसाठी चौबे कॉलोनीतले घरमालक खालचे मजले रिकामे करून घेत होते. मंदा भाऊबिजेला दरवर्षीसारखी आली, पण यंदा एकटी. उन्हाळ्यात तिचे यजमान गेले होते. ती दोघं रोज संध्याकाळी चहा झाला की एक डाव खेळायची, हे गंगाधररावांना माहीत होतं. माहीत असणं आणि ध्यानात येणं यात फरक असतो, तो त्यांना त्या दुपारी कळला.

जेवणं झाल्यावर मंदानं माळ्यावरचा जुना बोर्ड खाली काढायला लावला. पुसला, पावडर टाकली. रुमालाच्या गाठीतून आपला स्ट्रायकर काढला. जुना, हाडाचा, हाताळून हाताळून पिवळा पडलेला.

"दादा, बसतोस का?"

"तू खेळ, मी वाचतो," ते सवयीनं बोलून गेले.

"कोणासंग खेळू? भिंतीसंग?" ती हसत म्हणाली.

ते ओशाळले आणि आणखी खोल पुस्तकात गेले. थोड्या वेळानं पलीकडच्या खोलीतून तो ओळखीचा आवाज यायला लागला. टक्. थोडी शांतता. खुर्ची सरकल्याचा आवाज. पावलं. पुन्हा खुर्ची. टक्. त्यांनी पुस्तकावरून मान उचलली. दारातून दिसत होतं. साठी ओलांडलेली मंदा पांढऱ्यांचा एक फटका मारायची, उठायची, पदर सावरत बोर्डाला वळसा घालून समोरच्या खुर्चीत बसायची आणि काळ्यांचा फटका मारायची. मग पुन्हा उठायची. गुडघ्यावर हात ठेवून उठावं लागत होतं तिला. दोन्ही बाजूंनी ती अगदी मनापासून खेळत होती. कोणाचीच बाजू घेत नव्हती.

गंगाधररावांच्या हातातलं पान पुढं गेलं नाही.

जाताना ती पिशवी भरत होती, तेव्हा ते तिच्याजवळ जाऊन उभे राहिले.

"मला शिकता येईल का गं? ह्या वयात?"

मंदानं त्यांच्याकडं निरखून पाहिलं. मग पिशवीत खाली गेलेला रुमाल वर काढला, गाठ सोडली आणि स्ट्रायकर त्यांच्या तळहातावर ठेवला.

"पुढल्या भाऊबिजेले पाहू," ती म्हणाली. "पण खरं खेळायचं हं दादा. मले चार-दोन फटके मारून उठणारा माणूस नको."

शिकायचं म्हणजे आधी वाचायचं, अशी गंगाधररावांची समजूत. वाचनालयात शोधून त्यांनी घरगुती खेळांवरचं एक पुस्तक काढलं. त्यात कॅरमवर पाचेक पानं होती. त्यांनी कोनमापक घेऊन कागदावर बोर्ड आखला, स्ट्रायकर कुठून निघाला तर काठावर आपटून कुठं जाईल याच्या रेषा काढल्या. रेषा सुरेख आल्या. बोर्डावर मात्र स्ट्रायकर भलतीकडंच जायचा. विजयाबाई, त्यांची बायको, दोन-चार दिवस समोर बसल्या आणि म्हणाल्या, "अहो, मला पोळ्या टाकायच्यात. तुम्ही व्हरांड्यात का नाही जात?"

व्हरांड्यात जायचं म्हणजे यज्ञेश्वरसमोर जायचं. यज्ञेश्वरचं शहराबाहेर, उरल्याच्या कारखान्यांच्या वस्तीत, ट्रान्सपोर्टचं ऑफिस होतं. दिवसभर ट्रकवाल्यांशी ओरडून त्याचा आवाज मोठा झाला होता, की मुळातच मोठा होता म्हणून त्यानं तो धंदा घेतला, हे सांगणं कठीण. संध्याकाळी घरी जाऊन अंगावरची धूळ धुतली की तो वाचनालयाच्या मागच्या बाजूला हजर असायचा.

"अरे बापरे! शांतता राखा आले! गोट्या हळू ठेवा रे, हळू!"

सगळे हसले. गंगाधरराव दाराच्या चौकटीला टेकले.

"मला शिकायचं होतं."

"काय?"

"हे."

"काहून? पुस्तकं संपली का आतली?"

पुन्हा हशा झाला. गंगाधररावांना परत फिरावंसं वाटलं. पण खिशात हात होता आणि हाताला तो हाडाचा स्ट्रायकर लागत होता. "बहिणीशी खेळायचंय," ते म्हणाले. का कोण जाणे, यज्ञेश्वरनं शेजारच्याला कोपरानं ढोसून स्टूल मोकळं करून घेतलं.

"बसा."

शिकवायला यज्ञेश्वर चांगला होता असं नाही. पण तो कंटाळत नव्हता. "बोट असं नाही भाऊ. तुम्ही तर पान उलटून राहिले! उलटायचं नसते, मारायचं असते." "उठू नका जाग्यावरून. खुर्ची सोडली का फाउल." "कोन-बिन राहू द्या. गोटीकडं पहा. स्ट्रायकरकडं नाही, माझ्याकडं तर अजिबात नाही. मी काय पाहण्यासारखा आहे का? मारताना फक्त गोटी."

आणि राणीचं प्रकरण. लाल सोंगटी, राणी, नुसती घेऊन भागत नाही. लगेच पुढच्या फटक्याला आपली एक सोंगटी घालून तिला कव्हर द्यावं लागतं. नाही दिलं, तर राणी परत बोर्डाच्या मधोमध. गंगाधररावांना हा नियम फार आवडला. त्यात काहीतरी सभ्य आहे, असं त्यांना वाटायचं.

दिवस जात होते. शहर राजधानी होत होतं. लाल दिव्याच्या गाड्या कॉलोनीत शिरायला लागल्या, भाडी वाढली, सिलतऱ्याकडच्या कारखान्यांची काळी भुकटी रात्रीतून गच्चीवर, खिडक्यांवर, बोर्डावर येऊन बसायला लागली. गंगाधरराव रोज सकाळी ओल्या फडक्यानं बोर्ड पुसायचे, मग कोरड्यानं, आणि एकटेच खेळत बसायचे. पावसाळा सरता सरता त्यांच्या बोटाला वळण लागलं. संध्याकाळी मात्र ते हरत. रोज हरत. यज्ञेश्वर त्यांना दयामाया दाखवत नसे. त्यांची सोंगटी पडायला आली की ती उडवून लावत असे आणि वर गुणगुणत असे.

एका संध्याकाळी गंगाधररावांनी राणी घेतली, कव्हर दिलं आणि डाव संपला. ते जिंकले होते. यज्ञेश्वरचा चेहरा लाल झाला.

"पुन्हा लावा!" तो ओरडला. "लावा म्हणतो ना! पावडर कमी होती!"

त्याचा तो राग पाहून गंगाधररावांना इतका आनंद झाला, की तसा त्यांना नोकरीत बढती मिळाल्यावरही झाला नव्हता. त्या माणसानं आपल्याला मोजलं होतं. परतताना त्यांनी भीत भीत विचारलं, "मुद्दाम तर नाही ना सोडलंत?"

"मी?" यज्ञेश्वर रस्त्यातच थांबला. "तुमाले जिंकू दिलं असतं, तर तुम्ही उद्या आले असते का इथं?"

गंगाधररावांनी मान हलवली. नसते आले. हे त्यांना पटलं होतं. त्या वेळी तरी पटलं होतं.

भाऊबीज आली. सकाळी मंदानं त्यांना ओवाळलं, त्यांनी ताटात पाकीट ठेवलं, विजयाबाईंनी साडी दिली. जेवणं झाली. मग गंगाधरराव स्वतः आत गेले, बोर्ड आणला, पुसला, पावडर टाकली आणि खिशातून रुमालाची गाठ काढून सोडली. मंदा दारात उभी राहून पाहत होती.

"अगंबाई, वहिनी, पाहा तरी! दादा बोर्ड लावून राहिला!"

त्यांचा पहिला फटका गेला आणि पांढरी सोंगटी कोपऱ्यात नाहीशी झाली, तेव्हा मंदानं टाळी वाजवली. पोरीसारखी. "बोट कोणी बसवलं तुझं? कोण आहे तो? मस्त बसवलं!" ती बोलत होती, चिडवत होती, "थांब, आता पाहा," म्हणत होती. गंगाधररावांना वाटलं, हे सगळं पन्नास वर्षांपूर्वीही असंच झालं असतं. किती सोपं होतं. नुसतं बसायचं होतं.

थोडा वेळ गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की मंदा मान तिरपी करून पाहते आहे. पाखरू पाहतं तशी, एका डोळ्यानं. कोपऱ्याशी आलेली एक काळी तिनं केसभरानं चुकवली. मग दुसरी. तशी सोंगटी चुकवणारी मंदा त्यांनी लहानपणी दारातून कधी पाहिली नव्हती. नेम धरण्याआधी ती बोर्डाच्या काठावरून बोट फिरवायची, जणू पावडर झटकते आहे. पण तिथं पावडर नव्हती. ती कोपरा कुठं आहे ते चाचपत होती.

डोळ्याबद्दल ती काही बोलली नव्हती. कोणालाच बोलली नसणार.

डाव शेवटाला आला. त्यांची एक पांढरी उरली, तिची एक काळी, आणि राणी. पाळी गंगाधररावांची होती. राणी त्यांच्या उजव्या कोपऱ्याच्या रेषेत होती. त्यांनी ती घेतली. आता कव्हर. पांढरी डाव्या कोपऱ्याच्या अगदी तोंडाशी होती. स्ट्रायकरचा वारा लागला असता तरी पडली असती. व्हरांड्यात बसल्यापासून इतकी सोपी सोंगटी त्यांच्या वाट्याला आली नव्हती.

त्यांनी स्ट्रायकर लावला, बोट ठेवलं, आणि मान वर करून मंदाकडं पाहिलं. ती बोर्डावर वाकली होती, एक डोळा बारीक करून. केसांत तेलाचा हात फिरवलेला, कपाळावर काही नाही. त्यांच्या मनात आलं, माहेरी आलेल्या बहिणीला आज हरवायचं? आजच्या दिवशी? तिचा डोळा असा, तिचं माणूस गेलेलं, आणि आपण वर्षभर बोट घासून आलोत ते काय हे करायला?

बोट सुटलं. स्ट्रायकर पांढरीपासून चांगला चार बोटं लांबून गेला, काठावर आपटला आणि बोर्डाच्या मध्यात येऊन थांबला.

"अरेरे," गंगाधरराव म्हणाले. "हात हलला."

मंदानं राणी उचलली. नियमाप्रमाणं मधोमध ठेवली. बोटानं सरकवून नीट वर्तुळात बसवली. मग स्ट्रायकर उचलला, पण रेषेवर लावला नाही. मुठीत धरून बसली.

"हात नाही हलला, दादा."

"अगं, खरंच—"

"मारताना गोटीकडं पाहतात. तू माझ्याकडं पाहिलंस."

विजयाबाई लाडवांचं ताट घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या. गंगाधररावांना काहीतरी म्हणायचं होतं. हसण्यावारी न्यावं, म्हणजे निभेल, असं त्यांना वाटलं. आयुष्यभर पुस्तकांत शब्द वाचलेल्या माणसाला त्या क्षणी एवढंच सुचलं:

"असू दे गं. भाऊबीज आहे. ओवाळणी समज."

मंदानं त्यांच्याकडं पाहिलं. आता मान तिरपी नव्हती.

"ओवाळणी ताटात टाकतात, दादा. बोर्डावर नाही." मग ती म्हणाली, "डोळा कमी झाला माझा. समज नाही झाली कमी. मुलगा समोर बसत नाही, सुनेले वेळ नाही, जुन्या ऑफिसातल्या बाया म्हणतात, ताई, तुम्ही आराम करा. सगळे मले सांभाळून राहिले. मले वाटलं, एक दादा आहे. वर्षभर शिकला तो. तो तरी खरा खेळेल."

"मंदा, पाळी तुझी आहे. मार ना."

"काय मारू?" ती उठली. गुडघ्यावर हात ठेवून. "वहिनी, द्या लाडू. छान झालेत दिसतात."

ती भांडली नाही. संध्याकाळी हसून बोलली, रात्री विजयाबाईंशी साड्यांबद्दल बोलत बसली, दुसऱ्या दिवशी गाडीनं गेली. बोर्ड तसाच होता. गंगाधररावांनी सकाळी पाहिलं, तर सोंगट्यांवर काळी भुकटी बसली होती. पांढरी अजून कोपऱ्याच्या तोंडाशी होती, राणी मध्यात. स्ट्रायकर नव्हता. मंदा तो घेऊन गेली होती.

त्यांनी नागपूरला दोन पत्रं लिहायला घेतली. दोन्हींत वाक्यं चांगली आली, म्हणूनच फाडून टाकली. फोनवर मंदा प्रकृती विचारायची, पाऊस विचारायची. कॅरम कधी विचारला नाही. व्हरांड्यात जाणं त्यांनी बंद केलं. शेवटी यज्ञेश्वरच एक दिवस घरी आला आणि सगळं ऐकून घेऊन, त्याच्या मानानं फार हळू आवाजात म्हणाला, "भाऊ, मी तुमाले सगळं शिकवलं. हे नव्हतं शिकवलं."

"नाही," गंगाधरराव म्हणाले. "हे माझंच."

पुढच्या भाऊबिजेला मंदा आली. डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, पण पुरतं साधलं नव्हतं. काळा चष्मा होता. ओवाळून झाल्यावर तिनं पिशवीतून एक नवं, जाडजूड पुस्तक काढून त्यांच्या हातात दिलं. "तुझ्यासाठी. दुकानदार म्हणाला, चांगलं आहे. मले काय कळते त्यातलं."

जेवणानंतर गंगाधररावांनी बोर्ड मांडला आणि धीर केला. जन्मात पहिल्यांदा ते तिच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

"मंदा, बसतेस का?"

ती इतक्या मायेनं बोलली, की रागावली असती तर बरं, असं त्यांना वाटलं.

"नको दादा. तू वाच."

तेवढ्यात यज्ञेश्वर फराळाला आला. मंदाची आणि त्याची ही पहिलीच भेट; पण बोर्ड दिसल्यावर दोघांना ओळखीची गरज पडली नाही. "दीदी, हमारे भाऊ को हमनेच सिखाया," तो म्हणाला. "बसता का?"

"हव, बसते की," मंदा म्हणाली आणि रुमालाची गाठ सोडली.

गंगाधरराव आपल्या खोलीत येऊन पुस्तक उघडून बसले. पलीकडून टक् टक् सुरू झालं. यज्ञेश्वर गुणगुणायला लागला, म्हणजे तो कोणाची तरी सोंगटी उडवत होता. "काय ताई, कोपरा तिकडं आहे, इकडं नाही!" "माहीत आहे मले! तुमी आपलं पाहा!" "हे घ्या, गेली तुमची काळी. आता काय करता?" मध्येच मंदा त्वेषानं काहीतरी बोलली. स्टूल सरकलं. मग बराच वेळ नुसते फटके. शेवटी यज्ञेश्वरची आरोळी, "राणी! आणि हे कव्हर! खतम!" आणि त्यावर मंदाचं हसणं.

ती हरली होती, आणि खदखदून हसत होती. तिच्या हसण्याला श्वास पुरत नव्हता. "हरले गं वहिनी! धुतलं मले या माणसानं! लावा, पुन्हा लावा!"

विजयाबाई दाराशी आल्या. नवऱ्याच्या हातातलं पुस्तक पहिल्याच पानावर होतं.

"आवाज होतोय का तुम्हाला? दार लावू?"

"नको," गंगाधरराव म्हणाले. "असू दे. उघडंच असू दे."